आडवी बेरीज, उभी बेरीज आणि शेवटच्या ओळीत लपलेला एक

आमची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती, आणि महिन्याचा शेवटचा दिवस म्हणजे आमच्या घरी कॅटलॉगचा दिवस. ज्यांच्या घरात कुणी शाळेत शिकवायचं त्यांना ते लगेच आठवेल, लांबलचक हजेरीपत्रक, डावीकडे मुलांची नावं, वर तारखा, आत हजर-गैरहजरच्या खुणा. प्रत्येक मुलाचे हजर दिवस आडवे मोजून उजवीकडच्या रकान्यात लिहायचे, प्रत्येक तारखेला किती मुलं हजर ते उभं मोजून तळाला लिहायचं, आणि मग रकान्याची बेरीज आणि तळाच्या ओळीची बेरीज, दोन्ही एकच यायला पाहिजे. नाही आली तर परत मोजा. एकदा ती रात्री साडेदहापर्यंत ७ चा फरक शोधत बसली होती, शेवटी सापडलं की एका मुलाचे १९ दिवस तिने १२ लिहिले होते.

आपण सगळेच या ताळ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. आकडे तेच, चौकोन तेच, आधी आडवं जोडलं काय नि आधी उभं जोडलं काय, उत्तर बदलेलच कसं? आणि चौकोन मोजके असतील तर खरंच बदलत नाही. पण एमएस्सीला फंक्शनल ॲनालिसिस, म्हणजे अनंत मितींच्या जागांचं गणित, सुरू झालं की पानापानावर अशा बेरजा यायला लागतात ज्यांच्यात ओळीही अनंत आणि कॉलमही अनंत, आणि पुस्तकात एका ओळीत शांतपणे लिहिलेलं असतं "बेरजांचा क्रम बदलून". मला वाटतं या तीन शब्दांवर जितकं थांबायला पाहिजे तितकं कुणी थांबत नाही, शिकवणारेही घाईत असतात आणि शिकणारेही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी ताळा चुकतो ते डोळ्याने बघू. हा तक्ता घ्या, उजवीकडे आणि खाली कायम चालूच राहतो:

१  −१  ०  ०  ० …
०  १  −१  ०  ० …
०  ०  १  −१  ० …
०  ०  ०  १  −१ …

कर्णावर सगळीकडे १, त्याच्या लगेच उजवीकडे −१, बाकी सगळं शून्य. आडवं जोडा. पहिल्या ओळीत १ आणि −१, म्हणजे शून्य. दुसरीत पण शून्य. प्रत्येक ओळ शून्य, त्यामुळे एकूण शून्य. आता उभं जोडा. पहिल्या कॉलममध्ये फक्त एक १ आहे, त्याला खोडायला कुणीच नाही, म्हणून १. दुसऱ्या कॉलममध्ये वर −१ आणि खाली १, म्हणजे शून्य, तिसऱ्यात शून्य, पुढे सगळीकडे शून्य. एकूण १.

इथे कुणी मोजण्यात चुकलेलं नाही. एकही बेरीज अडकलेली नाही, प्रत्येक ओळीत आणि कॉलममध्ये फार तर दोनच आकडे आहेत. तरी आडवं केलं की शून्य आणि उभं केलं की १.

आता हा १ गेला कुठे हे शोधायचं असेल तर तक्ता मध्येच कापून बघायचा, समजा वरचे डावीकडचे ५ ओळी ५ कॉलम एवढाच तुकडा घेतला. हा मोजका आहे, म्हणजे ताळा जुळायलाच हवा. उभी बेरीज आधीसारखीच, १, ०, ०, ०, ०, एकूण १. आडवी? पहिल्या चार ओळी शून्य, पण पाचव्या ओळीतला १ आत आहे आणि त्याचा −१ कापलेल्या रेषेच्या बाहेर गेलाय, त्यामुळे पाचव्या ओळीची बेरीज १. एकूण १, जुळलं. आता १०० ओळी १०० कॉलम घ्या, तोच १ शंभराव्या ओळीत सापडेल. हजार घ्या, हजाराव्या ओळीत. म्हणजे तो १ कायम शेवटच्या ओळीत बसलेला असतो, आणि आपण जेव्हा अनंतापर्यंत जातो तेव्हा शेवटची ओळ नावाचं काही उरतच नाही, प्रत्येक ओळ कधी ना कधी मधली होते आणि शून्य होऊन जाते. माझ्या मते हा सगळा विषय या एका चित्रात आहे. पुढे जेवढी प्रमेयं येतात ती सगळी एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत, शेवटच्या ओळीत काही लपून बसू शकतं का, आणि बसू शकत नाही याची हमी कधी देता येते.

थोडं तांत्रिक बोलायचं तर अनंत बेरीज ही खरं म्हणजे बेरीज नाहीच, ती लिमिट आहे. पहिल्या दहा पदांची बेरीज, पहिल्या शंभरांची, पहिल्या हजारांची, आणि हे आकडे ज्याच्याजवळ जातात तो. आडवं आधी म्हणजे आधी कॉलम अनंताकडे नेले, मग ओळी अनंताकडे नेल्या. उभं आधी म्हणजे उलट. दोन लिमिट एकावर एक आहेत, आणि लिमिटचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं हे आपल्याला दुसऱ्या ठिकाणी चांगलं माहीत असतं, पण सिग्माची (Σ, बेरजेची) खूण बघितली की आपण तिला शाळेतल्या बेरजेसारखं वागवायला लागतो.

एकेरी सीरिजमध्ये, म्हणजे एकाच रांगेतल्या अनंत बेरजेत, पण हा प्रकार आहे आणि तो जुना आहे. १ − १/२ + १/३ − १/४ … ही बेरीज ०.६९३ च्या आसपास येते, म्हणजे २ चा नॅचरल लॉग. आता तीच पदं वेगळ्या रांगेत लावा, एक धन मग दोन ऋण, १ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ …, एकही पद टाकलं नाही, एकही नवीन घेतलं नाही, आणि उत्तर बरोबर निम्मं येतं, ०.३४६ च्या आसपास. डिरिक्लेने १८३७ मध्ये सांगितलं होतं की सगळ्या पदांचा मॉड (ऋण चिन्ह काढून टाकलेला आकडा) घेऊन बेरीज मर्यादित येत असेल तर पदं कशीही फिरवा, उत्तर हलणार नाही. आणि रीमानने १८५४ च्या प्रबंधात त्याची दुसरी बाजू दाखवली, तशी ती येत नसेल पण सीरिज कन्व्हर्ज होत असेल, म्हणजे एका ठराविक आकड्याकडे जात असेल, तर पदं फिरवून तुम्हाला हवा तो आकडा आणता येतो, अक्षरशः कुठलाही.

आता हमी कधी मिळते ते बघू. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी हमी, तक्त्यात एकही ऋण आकडा नाही. मग आडवं करा उभं करा, उत्तर एकच, अनंत आलं तर दोन्हीकडून अनंत येईल. याला टोनेलीचं नाव लावतात, लिओनिदा टोनेली, इटलीचे, त्यांचा निकाल १९०९ चा आणि तो खरं तर इंटिग्रलसाठी आहे, बेरीज हा त्याचाच एक प्रकार. त्याचं कारण इतकं साधं आहे की एकदा कळलं की विसरता येत नाही. तक्त्यातले कुठलेही मूठभर चौकोन उचला, मोजके, आणि त्यांची बेरीज करा. अशा सगळ्या मुठींच्या बेरजा ज्या आकड्याच्या वर कधीच जात नाहीत पण ज्याच्या हव्या तितक्या जवळ जातात, तो आकडा म्हणजे तक्त्याचं छत म्हणू. आता आडवी बेरीज कुठल्याही मुठीपेक्षा कमी असू शकत नाही, कारण मूठ तिच्या आतच आहे आणि बाकीचे आकडे धन आहेत, ते फक्त भरच घालतात. आणि आडवी बेरीज छताच्या वरही जाऊ शकत नाही, कारण पुरेशा ओळी आणि त्या प्रत्येक ओळीतले पुरेसे आकडे घेतले की मूठच आडव्या बेरजेच्या जवळ जाऊन पोचते. म्हणजे आडवी बेरीज म्हणजेच छत. हेच सगळं उभ्या बेरजेबद्दल शब्द न बदलता बोलता येतं. आणि मुठीला आडवं-उभं काही कळत नाही, ती नुसती मूठ आहे, त्यामुळे छत एकच.

याचा एक गोड उपयोग दाखवतो. १/२ चा वर्ग, १/३ चा वर्ग, १/४ चा वर्ग असं पुढे सगळ्यांचं जोडलं की ०.६४४९ येतं. तसंच घनांचं केलं तर ०.२०२१, चौथ्या घाताचं ०.०८२३, पाचव्याचं ०.०३६९. हे सगळे आकडे सुटे सुटे बघितले तर काही ताळतंत्र दिसत नाही, पण सगळे घात मिळून एकूण किती? तक्ता करा, ओळीत घात, कॉलममध्ये २, ३, ४ हे आकडे. आडवं करायला गेलात तर अडकाल. उभं करा. कॉलम २ मध्ये १/४ + १/८ + १/१६ …, साधी भूमिती श्रेणी, उत्तर १/२. कॉलम ३ मध्ये १/९ + १/२७ …, उत्तर १/६. कॉलम ४ मध्ये १/१२. म्हणजे १/(१×२), १/(२×३), १/(३×४) अशी रांग, आणि ही प्रत्येक (१ − १/२), (१/२ − १/३), (१/३ − १/४) अशी फोडली की मधलं सगळं कटतं आणि एकूण उत्तर येतं बरोबर १. सगळे आकडे धन होते म्हणून क्रम बदलायला कुणाची परवानगी लागली नाही.

ऋण आकडे असतील तर जमा-खर्चाच्या वहीसारखं करायचं. जमेचे आकडे एका तक्त्यात, खर्चाचे दुसऱ्यात. दोन्ही तक्ते आपापले धन आहेत, दोघांनाही टोनेली लागू. जमा मर्यादित आणि खर्चही मर्यादित, तर वजाबाकी करा, ताळा जुळणारच. जमा आणि खर्च दोन्ही मर्यादित आहेत हे म्हणणं आणि सगळ्यांचा मॉड घेऊन बेरीज मर्यादित आहे हे म्हणणं एकच, यालाच ॲब्सोल्यूट कन्व्हर्जन्स म्हणतात, आणि अशा वेळी क्रम बदलण्याला फुबिनीचं नाव, ग्विडो फुबिनी, १९०७. आपल्या पहिल्या तक्त्यात जमेला अनंत वेळा १, खर्चाला अनंत वेळा १, म्हणजे अनंत वजा अनंत, तिथे हमी देणार कोण?

परीक्षेत आणि पेपर वाचताना एवढंच करायचं की आधी मॉड घालायचा, मॉडच्या बेरजेत सगळं धन असतं म्हणून तिथे हव्या त्या क्रमाने, सोपी जाईल त्या बाजूने जोडायचं, आणि मर्यादित आकडा आला की मग मॉड काढून मूळ बेरजेचा क्रम बिनधास्त बदलायचा. कितीतरी उत्तरपत्रिकांत मी बघितलंय की "दोन्ही बाजूंनी बेरीज कन्व्हर्ज होते, म्हणून क्रम बदलता येतो" असं लिहिलेलं असतं. वरचा तक्ता आठवा, दोन्ही बाजूंनी कन्व्हर्ज होतोच की, एकीकडून शून्याला आणि एकीकडून १ ला.

आता फंक्शनल ॲनालिसिसमध्ये येऊ. हिल्बर्ट स्पेसमध्ये, म्हणजे लांबी आणि कोन मोजता येतात अशा, अनंत मितीही चालणाऱ्या जागेत, प्रत्येक व्हेक्टर एखाद्या ऑर्थोनॉर्मल बेसिसमध्ये (एकमेकांना काटकोनात असलेल्या, एक लांबीच्या व्हेक्टरांमध्ये) उलगडता येतो, आणि त्याच्या लांबीचा वर्ग म्हणजे त्या बेसिसमधल्या सगळ्या घटकांच्या मॉडच्या वर्गांची बेरीज, पायथागोरसच, फक्त अनंत बाजूंचा. आता एखाद्या ऑपरेटरचा (व्हेक्टर घेऊन व्हेक्टर देणाऱ्या लिनियर नियमाचा) ट्रेस काढायचाय, म्हणजे त्याच्या मॅट्रिक्सच्या कर्णाची बेरीज. पण मॅट्रिक्स तर बेसिसवर अवलंबून असतं, मी एक बेसिस घेतला तुम्ही दुसरा घेतलात, तर दोघांचा ट्रेस एकच येईल हे कशावरून? ऑपरेटर पॉझिटिव्ह (धन आकड्यासारखा, ज्याचं वर्गमूळ घेता येतं असा) असेल तर उत्तर दोन ओळींत येतं. त्याचं वर्गमूळ घ्या, त्याला आर म्हणू. माझ्या बेसिसमधला ट्रेस म्हणजे माझ्या प्रत्येक बेसिस व्हेक्टरवर आर लावून आलेल्या लांबीच्या वर्गांची बेरीज. ती प्रत्येक लांबी तुमच्या बेसिसमध्ये उलगडा. तयार झाला एक दुहेरी तक्ता, ओळी माझ्या बेसिसच्या, कॉलम तुमच्या बेसिसचे, आणि प्रत्येक चौकोनात एका मॉडचा वर्ग, म्हणजे सगळं धन. टोनेली. आधी उभं जोडा आणि जे हातात येतं तो तुमच्या बेसिसमधला ट्रेस. क्रम बदलणं हीच इथे सगळी सिद्धता आहे, दुसरं काही नाहीच.

याच वाटेवर आपला एक माणूस उभा आहे आणि त्याचं नाव इथे घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म गोव्यातला, १९०७ चा. इतिहासकार म्हणून सगळ्यांना माहीत, पण पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना १९४३ मध्ये त्यांनी एक पेपर लिहिला, रँडम प्रोसेस म्हणजे वेळेनुसार यदृच्छेने बदलणारी राशी एका खास बेसिसमध्ये कशी उलगडायची यावर. तो उलगडा आज कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने बहुतेक पुस्तकांत असतो, काही ठिकाणी आता कोसंबींचं नाव आधी लावतात आणि ते योग्यच आहे, कारण त्यांचा पेपर या दोघांच्या आधीचा. त्यात एकूण चढउतार किती, म्हणजे एकूण व्हेरियन्स, तर सगळ्या आयगेनव्हॅल्यूंची (त्या बेसिसच्या प्रत्येक दिशेच्या वाट्याला आलेल्या चढउतारांची) बेरीज, आणि हे येतं ते सरासरी आणि अनंत बेरीज यांचा क्रम बदलूनच. तिथेही वर्ग असतात, सगळं धन असतं, म्हणून हमी आहे.

इथपर्यंत वाटेल की ॲब्सोल्यूट कन्व्हर्जन्स असेल तरच क्रम बदलायचा, नाहीतर हात लावायचा नाही. पण फंक्शनल ॲनालिसिस याच्या पुढे जातं, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. समजा मॅट्रिक्स हे एका बाउंडेड ऑपरेटरचं आहे, म्हणजे व्हेक्टरची लांबी ठराविक पटीपेक्षा जास्त ताणत नाही असं. आता प्रत्येक कॉलमला एक वजन द्या आणि प्रत्येक ओळीला एक वजन द्या, अट एवढीच की वजनांच्या वर्गांची बेरीज मर्यादित हवी, म्हणजे दोन्ही वजनं एल-टू मधली हवीत. चौकोनातला आकडा गुणिले त्याच्या ओळीचं वजन गुणिले कॉलमचं वजन, आणि या सगळ्यांची दुहेरी बेरीज. आता क्रम बदला, उत्तर तेच येतं, ॲब्सोल्यूट कन्व्हर्जन्स असो वा नसो.

कारण बघा. कॉलमांची वजनं एन-व्या जागेनंतर कापून टाका, पुढे सगळी शून्य. आता कॉलम मोजके उरले, मोजक्या कॉलमांची बेरीज आत-बाहेर करायला काही अडचण नाही, म्हणजे उभ्या बेरजेचे पहिले एन कॉलम म्हणजेच कापलेल्या व्हेक्टरवर ऑपरेटर लावून ओळींच्या वजनाशी घेतलेलं इनर प्रॉडक्ट (जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज). एन वाढवा. कापलेला व्हेक्टर मूळ व्हेक्टरच्या जवळ जातो, कारण उरलेल्या शेपटाची लांबी शून्याकडे जाते. ऑपरेटर बाउंडेड आहे म्हणून त्याने शेपूट ताणलं तरी ते शून्याकडेच जातं. म्हणजे उभी बेरीज जाऊन पोचते तिथेच जिथे आडवी बेरीज आहे. शेवटच्या ओळीत काही लपायला जागाच नाही, वजनांनी ती जागा पातळ करून टाकलीय.

आपल्याच तक्त्यावर करून बघू. तो बाउंडेड आहे, लांबी दुपटीपेक्षा जास्त ताणत नाही. आपण आधी जे केलं त्यात सगळी वजनं १ होती, आणि १ + १ + १ … मर्यादित नाही, म्हणजे ती वजनं एल-टू मध्ये नव्हतीच, म्हणून गडबड झाली. आता एन-व्या ओळीला आणि एन-व्या कॉलमला १/एन एवढं वजन द्या. आडवं जोडलं तर ०.६४४९ येतं, उभं जोडलं तरी ०.६४४९. तक्ता एन ओळींवर कापला तर शेवटच्या ओळीतला जो −१ रेषेबाहेर राहून १ चा फरक पाडायचा तो फरक आता १ गुणिले १/एन गुणिले १/(एन+१) एवढा बारीक झालाय, ५ ओळींवर १/३०, १०० ओळींवर १/१०१००, आणि तो खरोखर संपतो.

हे उदाहरण तसं सोपं आहे, यात ॲब्सोल्यूट कन्व्हर्जन्सही आहेच. खरी ताकद दिसते ती हिल्बर्टच्या मॅट्रिक्समध्ये, ज्यात एम-व्या ओळीच्या एन-व्या चौकोनात १ भागिले (एम वजा एन) असतं, आणि कर्णावर शून्य. कर्णाच्या एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण, आणि या दोघांच्या ओढाताणीमुळे ऑपरेटर बाउंडेड राहतो, जास्तीत जास्त पाय (π) पट ताणतो, हा नेमका π शुरने १९११ मध्ये मिळवला, हिल्बर्टकडे त्याच्या दुप्पट होता. पण सगळ्यांचा मॉड घेतला की ओढाताण संपते आणि ऑपरेटर बाउंडेड राहत नाही, एन बाय एन तुकडा घेतला तर ताण साधारण एनच्या लॉगच्या दुपटीने वाढत जातो. त्यामुळे अशी एल-टू वजनं असतात की मॉडची बेरीज अनंत, फुबिनी तिथे एक शब्द बोलू शकत नाही, आणि तरी आडवं-उभं जुळतं. फुबिनी पुरेसा आहे, आवश्यक नाही, हे नीट मनात बसवायचं असेल तर हेच मॅट्रिक्स घेऊन बसावं.

तक्त्यात आकड्यांऐवजी व्हेक्टर असतील, बॅनाख स्पेसमधले (जिथे प्रत्येक व्हेक्टरला लांबी, म्हणजे नॉर्म, असते पण कोन असेलच असं नाही), तर काय? मग नॉर्मच्या बेरजेवर अडून बसायचं नाही. एल-टू मध्ये एन-व्या बेसिस व्हेक्टरला १/एन ने गुणून सगळे जोडा, नॉर्मची बेरीज १ + १/२ + १/३ … अनंत होते, पण सीरिज व्यवस्थित कन्व्हर्ज होते, कशीही फिरवली तरी. ड्व्होरेट्स्की आणि रॉजर्स यांनी १९५० मध्ये दाखवलं की प्रत्येक अनंत मितींच्या बॅनाख स्पेसमध्ये अशी सीरिज सापडतेच. अशा वेळी प्रत्येक कंटिन्युअस लिनियर फंक्शनल (व्हेक्टर घेऊन आकडा देणारा नियम) लावून बघायचं, फंक्शनल लावलं की आकडे हातात येतात, आकड्यांवर फुबिनी चालतो. आडवी आणि उभी दोन्ही बेरीज व्हेक्टर म्हणून कन्व्हर्ज होत असतील आणि प्रत्येक फंक्शनलला मॉडची बेरीज मर्यादित मिळत असेल, तर सगळी फंक्शनल दोन्ही व्हेक्टरांना एकच किंमत देतात, आणि हान-बॅनाख प्रमेय सांगतं की मग ते दोन व्हेक्टर एकच.

शेवटी ट्रेसकडेच परत येतो, कारण ताळा जिथे मुद्दाम जुळत नाही अशी जागा तिथे आहे आणि ती फार मोलाची आहे. मोजक्या आकाराच्या दोन मॅट्रिक्सांचा गुणाकार ए-बी केला काय आणि बी-ए केला काय, ट्रेस एकच येतो, हे आपण पहिल्या वर्षाला शिकतो. सिद्धता म्हणजे पुन्हा दुहेरी बेरजेचा क्रम बदलणं. आता अनंतात या. शिफ्ट ऑपरेटर घ्या, जो प्रत्येक बेसिस व्हेक्टरला एक घर पुढे सरकवतो, पहिला दुसऱ्याच्या जागी, दुसरा तिसऱ्याच्या जागी. त्याचा ॲडजॉइंट सगळ्यांना एक घर मागे आणतो आणि पहिला असेल तो पडून जातो. आधी पुढे मग मागे, सगळं जसंच्या तसं. आधी मागे मग पुढे, पहिला गेला तो गेला, परत येत नाही. म्हणजे दोन गुणाकारांतली वजाबाकी केली की कर्णावर पहिल्या घरात १ आणि बाकी शून्य, ट्रेस १. ट्रेसच्या नियमाने शून्य यायला हवा होता. याचा दुहेरी तक्ता मांडला तर असा दिसतो:

०  १  ०  ०  ० …
−१  ०  १  ०  ० …
०  −१  ०  १  ० …
०  ०  −१  ०  १ …

आडवं जोडा, १. उभं जोडा, −१. आणि हे न जुळणं निरर्थक नाही, या −१ ला शिफ्टचा इंडेक्स म्हणतात, किती व्हेक्टर हरवले आणि किती जागा रिकाम्या राहिल्या त्याचा हिशोब, आणि त्यावर गेल्या शतकात गणिताची एक मोठी शाखाच उभी राहिली.

आणि १९२५ मध्ये ग्योटिंगेनला हायझेनबर्ग, बॉर्न, जॉर्डन यांनी क्वांटम मेकॅनिक्स मॅट्रिक्समध्ये मांडलं तेव्हा त्याचा पाया हाच होता. पोझिशनचं मॅट्रिक्स क्यू, मोमेंटमचं पी, आणि पी-क्यू वजा क्यू-पी बरोबर एक ठराविक आकडा गुणिले आयडेंटिटी. बॉर्नच्या ग्योटिंगेनमधल्या थडग्याच्या दगडावर हेच समीकरण कोरलेलं आहे. आता दोन्ही बाजूंचा ट्रेस घ्या. मॅट्रिक्स मोजकं असेल तर डावीकडे शून्य, उजवीकडे तो आकडा गुणिले मॅट्रिक्सचा आकार, जो शून्य नाही. अशक्य. म्हणजे मोजक्या मॅट्रिक्समध्ये हे समीकरण लिहिताच येत नाही, त्याला अनंत मिती लागतातच, आणि नुसत्या अनंत मिती पण पुरत नाहीत, विंटनरने १९४७ मध्ये आणि वीलांटने १९४९ मध्ये दाखवलं की दोन्ही ऑपरेटर बाउंडेड असले तरीही हे जमत नाही.

ज्यांनी हे कॉम्प्युटरवर करून बघितलंय त्यांना ही गोष्ट वेगळ्या रूपात भेटलेली असते. हार्मोनिक ऑसिलेटरचे, म्हणजे स्प्रिंगसारख्या डोलणाऱ्या कणाचे, ऊर्जेची पातळी चढवणारे-उतरवणारे ऑपरेटर घ्यायचे, कर्णाच्या बाजूला १, २, ३ यांची वर्गमुळं लिहिलेली, आणि ५० बाय ५० वर कापायचे. दोघांचा कम्युटेटर, म्हणजे दोन्ही क्रमांच्या गुणाकारांची वजाबाकी, प्रिंट करायचा. कर्णावर १, १, १, १ असे ४९ वेळा १ येतात आणि अगदी शेवटच्या कोपऱ्यात −४९. पहिल्यांदा बघणारा कोडमध्ये चूक शोधत बसतो, आकार ५०० करून बघतो, मग ४९९ वेळा १ आणि कोपऱ्यात −४९९. कोड बरोबर असतो. मोजक्या मॅट्रिक्सचा ट्रेस शून्य व्हायलाच हवा, म्हणून सगळ्या ओळींची उधारी शेवटच्या चौकोनात साठते, आणि आकार वाढवला की ती आणखी दूर जाते आणि आणखी मोठी होते. म्हणून असा कापलेला हिशोब वापरताना ज्या स्टेटवर (कणाची स्थिती सांगणाऱ्या व्हेक्टरवर) काम करतोय त्याचं वजन शेवटच्या काही पातळ्यांवर जवळपास शून्य आहे ना ते आधी तपासायचं, आणि नसेल तर आकार वाढवून परत चालवायचं.